शाश्वतवाद : जुने ग्रंथ, खुले प्रश्न आणि आपले शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हा जमाखर्च मांडण्याचा प्रसंग असतो. आपल्या ट्रस्टच्या जमेच्या बाजूला शिष्यवृत्त्या आहेत, पुस्तकपेढी आहे, परगावी शिकणाऱ्या मुलामुलींना वेळोवेळी दिलेला आधार आहे. त्या आधारावर अनेक कुटुंबांतला पहिला अभियंता, पहिली डॉक्टर, पहिला सनदी लेखापाल घडला. ही पुण्याई लहान नाही. परंतु या साहाय्यामागे आपले एक गृहीत आहे आणि ते आज तपासून पाहावे, असे मला सुचवायचे आहे. मुलाने काय व्हावे, याचा विचार आपण पुष्कळ केला. त्याचे मन कसे घडावे, आयुष्यात निदान एकदा त्याने कोणते ग्रंथ मुळातून वाचावेत, कोणते प्रश्न स्वतःला विचारावेत, हा विचार मात्र आपण शाळेवर सोडला. शाळेने तो परीक्षेवर सोडला आणि परीक्षेने गाईडवर.

या प्रश्नाचा विसाव्या शतकात फार जिद्दीने पाठपुरावा करणारी एक विचारधारा शिक्षणशास्त्रात आहे. तिला मराठीत ‘शाश्वतवाद’ म्हणतात. अध्यापक विद्यालयातील विद्यार्थी तिची चार वैशिष्ट्ये पाठ करून परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. तिची खरी कथा त्या चार ओळींहून अधिक उद्बोधक आहे. ती अमेरिकेत घडली. आज आपण प्रथम तिकडे जाऊ आणि नंतर आपल्या ग्रंथभांडाराकडे वळू.

शाश्वतवाद म्हणजे काय?

शाश्वतवादाचे मूळ विधान साधे आहे. काळ बदलतो, साधने बदलतात, व्यवसाय बदलतात. परंतु मनुष्याचा मूळ स्वभाव, त्याची विवेकशक्ती आणि त्याच्यापुढचे मुख्य प्रश्न बदलत नाहीत. न्याय म्हणजे काय, सुख कशात आहे, मृत्यूकडे कसे पाहावे, सत्ता कोणाच्या हाती असावी, सत्य कसे ओळखावे, हे प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्ये होते, तसेच आजही आहेत. शिक्षणाचे काम माणसातील विवेक जागा करणे हे असेल, तर त्या शिक्षणाचा गाभा सर्व माणसांसाठी एकच असला पाहिजे. हा गाभा कोठे सापडेल? ज्या ग्रंथांनी आपला काळ ओलांडला, ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा वळल्या, त्या ग्रंथांत. हे ग्रंथ सारांशातून न वाचता मुळातून वाचावेत, चारचौघांनी एकत्र बसून त्यांवर चर्चा करावी आणि विशिष्ट व्यवसायाचे प्रशिक्षण त्यानंतर घ्यावे, असा हा आग्रह आहे.

या विचाराची तात्त्विक मुळे ॲरिस्टॉटलपर्यंत जातात. त्याची एक शाखा कॅथलिक धर्मपरंपरेतून वाढली. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ हे तिचे प्रमुख भाष्यकार. दुसरी शाखा धर्मनिरपेक्ष विद्यापीठांत रुजली. आज मी मुख्यतः या दुसऱ्या शाखेविषयी बोलणार आहे.

शिकागोतील दोन तरुण

रॉबर्ट मेनार्ड हचिन्स १९२९ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. त्याआधी ते येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. त्यांनी मॉर्टिमर ॲडलर नावाच्या आणखी एका तरुणाला शिकागोला बोलावून घेतले. ॲडलर यांची कथा आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. त्यांनी लहान वयातच शाळा सोडली आणि न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात ते हरकाम्या म्हणून राबू लागले. पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. मिल यांनी अगदी बालवयात ग्रीक ग्रंथ वाचल्याचे त्यातून कळले आणि आपण प्लेटोचे एक पानही वाचलेले नाही, याची त्यांना लाज वाटली. ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन अर्स्किन यांनी १९२० मध्ये अभिजात ग्रंथांचा एक विशेष वर्ग सुरू केला होता; ॲडलर त्यात विद्यार्थी म्हणून बसले आणि नंतर तोच वर्ग शिकवूही लागले. शारीरिक शिक्षणाची अट पूर्ण न केल्यामुळे त्यांना पदवी मात्र मिळाली नाही. पदवी नसतानाही त्यांनी पुढे डॉक्टरेट मिळवली आणि राहून गेलेली ती पदवी कोलंबियाने त्यांना १९८३ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर दिली!

१९३० पासून हचिन्स आणि ॲडलर मिळून विद्यार्थ्यांसाठी महान ग्रंथांचा वर्ग घेऊ लागले. विद्यापीठाचा अध्यक्ष नवागत विद्यार्थ्यांबरोबर टेबलाभोवती बसून होमर आणि प्लेटो वाचतो, हे दृश्यच नवे होते. १९३६ मध्ये हचिन्स यांचे ‘द हायर लर्निंग इन अमेरिका’ हे छोटे पुस्तक निघाले आणि खळबळ उडाली. पैशाच्या मागे लागून विद्यापीठे व्यवसाय-प्रशिक्षणाची दुकाने झाली आहेत, हा त्यांचा आरोप होता. व्यवसायाची तंत्रे लवकर जुनी होतात आणि ती कामावर अधिक चांगली शिकता येतात. विद्यापीठाने विचार करायला शिकवावे, ही त्यांची भूमिका होती. १९३९ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा फुटबॉल संघच बंद केला. अमेरिकेत हे धाडस किती मोठे, याची कल्पना आपण क्रिकेटवरून करावी.

आजच्या सभेतील विश्वस्त आणि व्यापारी बंधूंना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. १९४३ मध्ये हचिन्स व ॲडलर यांनी शिकागोतील उद्योगपतींसाठी आणि विद्यापीठाच्या विश्वस्तांसाठी असाच एक वाचनवर्ग सुरू केला. दिवसभर गिरण्या, पेढ्या आणि कंपन्या चालवणारी ही मंडळी ठरलेले पुस्तक वाचून यायची आणि न्यायाची व्याख्या काय, यावर हमरीतुमरीवर यायची. गावाने या वर्गाचे नाव ‘जाड्या माणसांचा वर्ग’ असे ठेवले. थट्टेचा भाग सोडा. या वर्गातूनच पुढे ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ ही ग्रंथमाला जन्माला आली. १९५२ मध्ये एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाने ती ५४ खंडांत प्रकाशित केली. तिच्यात ४४३ कृती होत्या आणि १०२ मूलभूत कल्पनांची एक प्रचंड सूची होती. ‘न्याय’, ‘प्रेम’, ‘मृत्यू’ अशा प्रत्येक कल्पनेविषयी कोणत्या ग्रंथकाराने कोठे काय म्हटले आहे, हे त्या सूचीत शोधता येत असे.

प्रेक्षागाराखालची भट्टी

याच विद्यापीठात घडलेली एक घटना शाश्वतवादाच्या चर्चेत सहसा सांगितली जात नाही. मला ती या विषयाच्या गाभ्याशी निगडित वाटते.

फुटबॉल बंद झाल्यावर विद्यापीठाचे स्टॅग फील्ड हे क्रीडांगण ओस पडले. त्याच्या प्रेक्षागाराखालच्या बंदिस्त जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुविभाजन-शृंखला घडवून आणली. तीन वर्षे पुरी होण्याच्या आत, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे बेचिराख झाली.

आपली विद्यापीठे साधनांचे ज्ञान देतात, पण साध्याचा विचार करायला शिकवत नाहीत, हे हचिन्स वर्षानुवर्षे सांगत होते. तेच ज्या विद्यापीठाचे प्रमुख होते, तेथेच मानवी इतिहासातील सर्वांत भीषण साधनाचा मार्ग मोकळा झाला. युद्धानंतर त्यांनी जागतिक राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या एका समितीचे नेतृत्व केले. त्या मसुद्याचे पुढे काही झाले नाही. परंतु ज्याच्या हाती अमर्याद शक्ती आहे, त्याला ती कशासाठी वापरावी याचे शिक्षण कोण देणार, हा प्रश्न त्या दिवसापासून कोणालाही टाळता आलेला नाही. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला या प्रश्नाचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपला मुलगा उत्तम रसायनशास्त्रज्ञ होईल, आपली मुलगी संगणकाच्या क्षेत्रात नाव काढेल. परंतु त्यांच्या हातून काय निर्माण व्हावे आणि काय होऊ नये, याचा निर्णय रसायनशास्त्राच्या किंवा संगणकाच्या पुस्तकात नसतो.

एक महाविद्यालय, एक टेबल

हचिन्स यांना शिकागोत आपला कार्यक्रम पूर्णपणे राबवता आला नाही. प्राध्यापकवर्गाचा विरोध मोठा होता. तो पूर्णपणे राबवला गेला मेरीलँड राज्यातील ॲनापोलिस या लहानशा गावी, सेंट जॉन्स कॉलेजमध्ये. ही संस्था मूळची १६९६ मधील शाळा. १९३७ च्या सुमारास ती कर्जबाजारी होऊन बंद पडण्याच्या बेतात होती. त्या वर्षी स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन या दोघांनी तिची सूत्रे हाती घेतली आणि संपूर्ण अभ्यासक्रमच बदलून टाकला.

तेथील व्यवस्था तपशिलाने सांगण्यासारखी आहे. या महाविद्यालयात कला, वाणिज्य, विज्ञान असे विभाग नाहीत. सर्व विद्यार्थी चार वर्षे जवळजवळ एकच अभ्यासक्रम पूर्ण करतात. पहिल्या वर्षी होमर, प्लेटो, युक्लिड. त्यानंतर क्रमाने पुढच्या शतकांतील ग्रंथ आणि अखेरीस आधुनिक काळ. गणित आणि प्रयोगशाळा सर्वांना आहे. युक्लिडचा सिद्धान्त विद्यार्थ्याने स्वतः फळ्यापाशी उभे राहून सिद्ध करून दाखवायचा. टॉलेमीच्या मते सूर्य पृथ्वीभोवती कसा फिरतो, हेही आधी त्याच्याच युक्तिवादाने समजून घ्यायचे आणि मग कोपर्निकसकडे जायचे. चुकीचा ठरलेला सिद्धान्तही मुळात किती बुद्धिमान होता, हे त्यातून कळते. प्राचीन ग्रीक आणि फ्रेंच या भाषाही सर्वांना शिकाव्या लागतात.

शिकवणाऱ्याला तेथे प्राध्यापक म्हणत नाहीत. त्याला ‘ट्यूटर’ म्हणतात आणि त्याने स्वतःचा विषय सोडून इतर विषयही शिकवावेत, अशी अपेक्षा असते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी चर्चासत्र भरते. मोठ्या टेबलाभोवती विद्यार्थी बसतात, एक ट्यूटर एक प्रश्न विचारतो आणि पुढचे दोन तास ग्रंथ समोर ठेवून चर्चा चालते. व्याख्यान नाही, टिपणे नाहीत, ‘महत्त्वाचे प्रश्न’ नाहीत. सत्राच्या अखेरीस ‘योग्य उत्तर’ जाहीर केले जात नाही. विद्यार्थ्याची प्रगती सांगण्यासाठी त्याचे सर्व ट्यूटर त्याच्या समक्ष एकत्र बसतात, त्याच्याविषयी आपसांत बोलतात आणि नंतर त्याला स्वतःचे म्हणणे मांडायला सांगतात.

हे महाविद्यालय आजही चालू आहे. १९६४ मध्ये न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे त्याची दुसरी शाखा निघाली. विद्यार्थी थोडे असतात, परंतु तेथून बाहेर पडलेली मुले वकिलीत, वैद्यकात, व्यापारात, शिक्षणात सर्वत्र दिसतात. व्यवसायाचे शिक्षण त्यांना नंतर घ्यावे लागते, एवढेच.

आक्षेप : ड्यूई आणि डॉ. आंबेडकर

या विचारावर सर्वांत प्रखर टीका केली जॉन ड्यूई यांनी. योगायोग असा, की प्रयोगशील शिक्षणाची आपली सुप्रसिद्ध शाळा ड्यूई यांनी १८९६ मध्ये याच शिकागो विद्यापीठात सुरू केली होती. १९३६ च्या अखेरीस आणि १९३७ च्या आरंभी ‘सोशल फ्रंटियर’ या नियतकालिकातून त्यांनी हचिन्स यांच्या पुस्तकाचा समाचार घेतला. त्यांचा मुख्य प्रश्न असा होता : ही सनातन तत्त्वे कोणती, हे ठरवणार कोण? काही सत्ये कायमची निश्चित आहेत असे एकदा मानले, की ती निश्चित करणारा अधिकारी आलाच आणि अधिकारी आला की स्वतंत्र विचार संपला. ड्यूई यांच्या मते ज्ञान अनुभवातून, प्रयोगातून, आजच्या प्रश्नांशी झुंजताना वाढते.

या वादाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूई हे त्यांचे गुरू. ज्या १९३६ साली हचिन्स यांचे पुस्तक निघाले, त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी आपले भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही आणि ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपल्या या गुरूचा कृतज्ञतेने उल्लेख करून सांगितले, की समाजाच्या हाती आलेल्या वारशात पुष्कळ मृत भागही असतो आणि त्यातले काय पुढे द्यायचे, याची निवड करणे ही समाजाचीच जबाबदारी असते. ज्यांना शतकानुशतके ग्रंथाला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या बाजूने विचारलेला हा प्रश्न आहे. ‘शाश्वत’ या नावाखाली अन्यायही टिकवून धरता येतो, हे भारतीय माणसाला शिकागोच्या माणसापेक्षा अधिक चांगले कळते.

दुसरा आक्षेप यादीवर होता आणि तोही खरा होता. १९५२ च्या ५४ खंडांत एकही लेखिका नव्हती. १९९० मध्ये ही माला ६० खंडांची झाली, तेव्हा चार लेखिका आल्या. पण कृष्णवर्णीय लेखक त्याही वेळी नव्हते. आशिया तर नावालाच वगळलेला होता. कोलंबियाचे विद्वान विल्यम थिओडोर द बारी यांच्यासारख्यांनी आशियाई अभिजात ग्रंथांचे अभ्यासक्रम उभारले आणि सेंट जॉन्सच्या सांता फे शाखेतही भारत, चीन व जपान येथील ग्रंथांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. त्यात विद्यार्थी संस्कृत किंवा अभिजात चिनी भाषा शिकतात. म्हणजे मूळ विचारातील उणीव त्या विचाराच्याच अनुयायांनी काही अंशी भरून काढली.

दार कोणाला उघडे?

तिसरा आक्षेप असा, की हे सारे सुखवस्तू लोकांचे खूळ आहे. भुकेल्या माणसाला सॉक्रेटिस काय कामाचा? याचे उत्तर १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिळाले.

अर्ल शॉरिस हे लेखक अमेरिकेतील दारिद्र्यावर पुस्तक लिहीत होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण हचिन्स यांच्या शिकागोत झाले होते. तुरुंगातील एका स्त्रीशी बोलताना गरिबी का हटत नाही, असे त्यांनी विचारले. तिने पैशाची गोष्ट काढली नाही. नाटके, संग्रहालये, व्याख्याने हे शहरातल्या सुस्थित लोकांचे जे विचारविश्व आहे, ते आमच्या मुलांना मिळत नाही, असे ती म्हणाली. शॉरिस यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले आणि मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत एक वर्ग सुरू केला. त्याचे नाव ‘क्लेमेंटे कोर्स’. प्रवेशाची शैक्षणिक अट एकच : साधे वृत्तपत्र वाचता आले पाहिजे. बेघर, बेरोजगार, तुरुंगातून सुटलेले असे स्त्री-पुरुष तेथे नीतिशास्त्र, साहित्य, कला, इतिहास आणि तर्कशास्त्र शिकू लागले. त्यांना येण्याजाण्यासाठी भुयारी रेल्वेची टोकन दिली जात. अध्यापक नामांकित महाविद्यालयांतील होते आणि ग्रंथ सोपे करून दिले जात नव्हते. प्लेटोची गुहेची कथा त्यांनी मुळातून वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेल्या सावल्या पाहत बसण्याचा अर्थ काय, हे त्या विद्यार्थ्यांना टिपा न देता समजले. पुढे हा उपक्रम अमेरिकेत अनेक ठिकाणी आणि इतर देशांतही पोहोचला आणि त्याला २०१४ चे अमेरिकेचे राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळाले.

ॲडलर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘पायडिया’ योजनेतही हाच ध्यास होता. हुशार मुलांना एक अभ्यासक्रम आणि ‘सामान्य’ मुलांना दुसरा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. प्रत्येक मुलाला माहिती सांगून द्यावी, कौशल्ये सराव करून द्यावीत आणि विचारांची समज प्रश्नोत्तरी चर्चेतून द्यावी, अशी त्यांची त्रिविध पद्धती होती. आपल्या शाळांत पहिली गोष्ट भरपूर होते, दुसरी थोडीबहुत होते. तिसरीसाठी वेळापत्रकात तास नाही.

मूडबिद्रीची ताडपत्रे

आता आपल्या घराकडे येऊ. शाश्वत ग्रंथ म्हणजे काय आणि त्याचे काय करावे, हा प्रश्न आपल्या समाजाला अगदी प्रत्यक्ष रूपात पडलेला आहे.

षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपल्या गेल्या. यात्रेकरू जात, त्या ग्रंथांचे दर्शन घेत, नमस्कार करून परत येत. ग्रंथ सुरक्षित होता, पूज्य होता आणि जवळजवळ कोणीही तो वाचत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या श्रावकांनी त्याच्या प्रती करून घेण्यासाठी खटपट केली. लेखनाचे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला आणि सुमारे दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले. गृहस्थाने सिद्धान्तग्रंथ वाचावेत की नाही, असा वादही त्या काळी झाला. हिराचंद शेठ आणि हिरालालजी यांनी त्या वादाला आपल्या कृतीने उत्तर दिले. ज्यांनी ताडपत्रे जपली, त्यांचे आपल्यावर ऋण आहे. ज्यांनी ती वाचण्यासाठी खुली केली, त्यांचे ऋण त्याहून किंचित अधिक आहे, असे मी नम्रपणे म्हणेन.

दुसरे उदाहरण पाटणचे आहे. जयराशी भट्ट या तत्त्वज्ञाने ‘तत्त्वोपप्लवसिंह’ नावाचा एक ग्रंथ लिहिला. सर्व दर्शनांची प्रमाणे तो एकामागून एक उद्ध्वस्त करतो. जैन दर्शनही त्यातून सुटत नाही. हा ग्रंथ काळाच्या ओघात हरवला असे मानले जात होते. त्याचे हस्तलिखित १९२६ मध्ये सापडले ते पाटणच्या जैन ग्रंथभांडारात! वयाच्या सोळाव्या वर्षी दृष्टी गमावलेले पंडित सुखलालजी संघवी यांनी रसिकलाल परीख यांच्यासह तो संपादित केला आणि १९४० मध्ये तो बडोद्याहून प्रसिद्ध झाला. आपल्या पूर्वजांनी आपल्या विरोधकाचा ग्रंथही जपून ठेवला होता. हचिन्स ज्याला युगायुगांचा संवाद म्हणत, तो याहून वेगळा काय असतो? प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकल्याशिवाय स्वपक्ष कळत नाही, ही अनेकान्ताची शिकवण त्या भांडाराच्या फळीवर प्रत्यक्षात उतरलेली होती.

आपल्याकडे स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आपण वाचना करतो, आम्नाय म्हणजे पाठांतर करतो, उपदेश तर मनसोक्त करतो. यांपैकी पृच्छना आणि अनुप्रेक्षा, म्हणजे प्रश्न विचारणे आणि त्यावर स्वतःशी चिंतन करणे, या दोन्ही आपल्या पाठशाळांतून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. प्रश्न विचारणारा मुलगा उद्धट ठरतो. वास्तविक १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना मनात धर्माविषयी वादळ उठले, तेव्हा गांधीजींनी श्रीमद् राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले होते. श्रीमद् राजचंद्र रागावले नाहीत. त्यांनी त्या प्रश्नांची सविस्तर उत्तरे दिली. गांधीजींच्या जीवनावर त्या उत्तरांचा परिणाम किती खोल झाला, हे सर्वश्रुत आहे.

हचिन्स आणि ड्यूई यांच्या वादाकडेही आपल्याला आपल्या दृष्टीने पाहता येते. प्रत्येक सत् वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकत्र असतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हचिन्स यांनी ध्रौव्य पाहिले, ड्यूई यांनी उत्पाद आणि व्यय पाहिले. केवळ ध्रौव्य धरले तर शिक्षण ताडपत्रासारखे पेटीत बंद होते. केवळ बदल धरला तर दर पाच वर्षांनी अभ्यासक्रम बदलत राहतो आणि मुलाच्या हाती कायमचे काही लागत नाही. ग्रंथांची यादी बदलू शकते, बदललीही पाहिजे. तिच्यातून ज्यांना वगळले, त्यांना आत घेतले पाहिजे. टिकून राहतात ते प्रश्न आणि ते प्रश्न एकत्र बसून विचारण्याची रीत. मला शाश्वतवादातील हा भाग शाश्वत वाटतो.

एक विनंती

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्ट काही नवे उपक्रम योजील. त्यांत एका छोट्या उपक्रमाला जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. त्याला इमारत लागत नाही. एक मोठे टेबल, वीस खुर्च्या आणि महिन्यातून दोन संध्याकाळी लागतात.

त्याचे नियम अमेरिकेतील वाचनमंडळांच्या अनुभवातून घेता येतील. ज्याने ठरलेला मजकूर वाचलेला नाही, त्याने त्या दिवशी फक्त ऐकावे. बोलणाऱ्याने आपले मत समोरच्या पानावरून दाखवावे. ‘अमुक महाराजांनी असे सांगितले आहे’ किंवा ‘मी कुठेतरी वाचले आहे’ एवढ्यावर चर्चा थांबवू नये. संचालकाने प्रश्न विचारावा, उत्तर देऊ नये. वाचनासाठी निम्मे ग्रंथ आपल्या परंपरेतील आणि निम्मे बाहेरचे असावेत. समंतभद्राचार्यांबरोबर प्लेटो असावा, तुकोबा असावेत, जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकरही असावेत. जो ग्रंथ आपल्याला अडचणीत टाकील, असा एक तरी दरवर्षी निवडावा.

आणि या टेबलाभोवती कोण बसते, याकडे विश्वस्तांनी जातीने लक्ष द्यावे. शिष्यवृत्ती घेणारे विद्यार्थी तेथे असावेत, त्यांच्या आया असाव्यात, दुकानांत काम करणारी आणि मंदिराची झाडलोट करणारी मंडळी असावीत. ती आपल्या समाजाबाहेरची असली तरी असावीत. ज्याला येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही, त्याला तो द्यावा. जिच्या कडेवर लहान मूल आहे, तिच्या मुलाला सांभाळायला कोणीतरी असावे. शॉरिस यांनी रेल्वेची टोकन दिली होती, आपण एसटीचे भाडे देऊ शकतो.

आज कोणत्याही प्रश्नाचे उत्तर क्षणात लिहून देणारी यंत्रे मुलांच्या खिशात आहेत. निबंध, सारांश, गणित, सर्व काही तयार मिळते. अशा काळात उत्तरे पाठ करवून घेणाऱ्या शिक्षणाचे मोल झपाट्याने कमी होत जाणार. समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकणे, आपले मत पुराव्याने मांडणे, पटले तर ते बदलणे आणि कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे हे ओळखणे, या गोष्टी यंत्राकडून उसन्या घेता येत नाहीत. त्या माणसांच्या सहवासातच शिकाव्या लागतात.

ट्रस्टच्या ग्रंथालयातील कपाटे मी आज सकाळी पाहिली. ग्रंथ उत्तम बांधणीचे आहेत, त्यांवर धूळ नाही आणि कुलपे मजबूत आहेत. पन्नास वर्षे ते जपल्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो आणि त्या कपाटांच्या किल्ल्या आता वाचकांच्या हाती द्याव्यात, अशी प्रार्थना करतो.   आता काही प्रश्न असतील, तर ते अवश्य विचारावेत.

जय जिनेंद्र.